फ्लायव्हील मी बदललं

अहो, फ्लायव्हील बदललं. रागवायचं असेल तर आत्ताच रागवून घ्या, कारण पुढं जे सांगणार आहे ते ऐकल्यावर तुम्हाला रागवायला जमणार नाही.

समाधानभाऊंच्या पांढऱ्या अँबॅसेडरचं म्हणते आहे मी. तुम्ही गेलात तेव्हा ती आपल्या गॅरेजात लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. गिअरबॉक्स खाली पोत्यावर, झिजलेली क्लच प्लेट बाकड्यावर, आणि फ्लायव्हील दाराशी भिंतीला टेकवलेलं. आदल्या दुपारी त्याच फ्लायव्हीलवरून आपण भांडलो होतो. संध्याकाळी तुम्ही नेहमीसारखं म्हणालात, "सकाळी पाहू." आपलं प्रत्येक भांडण तुम्ही याच शब्दांवर थांबवायचात आणि सकाळच्या चहाला आपल्यातलं कोणीतरी एक नरम यायचं. त्या सकाळी तुम्ही कप खाली ठेवलात, छातीवर हात दाबलात, आणि मी शेजारच्यांना हाका मारेपर्यंत गेलातसुद्धा. भांडण तसंच अर्धं राहिलं. हे काही बरं केलं नाहीत.

तेरवीपर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. आपल्या धामणगावातले, मोताळ्याचे, घाटावरचे, ज्यांच्या ज्यांच्या गाडीला तुमचा हात लागला होता ते सगळे येऊन गेले. चांगलंच बोलले. पंजाबभाऊंनी कधी कोणाला रस्त्यात अडकू दिलं नाही, भाऊ नुसता कान लावून इंजिनाचं दुखणं सांगायचे, असं बरंच काही. मी भिंतीला टेकून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, खरं आहे बाबांनो, अगदी खरं आहे. बोनेट न उघडता, रस्त्यावरून जाणाऱ्या जीपचा आवाज ऐकून "याचा एक नोझल गेला" असं म्हणणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. मला तुमचा फार अभिमान वाटायचा. हे तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर तुम्ही ते सगळ्या बाजारात सांगत फिरला असतात.

पण एक गोष्ट त्या माणसांपैकी कोणीच बोललं नाही, कारण ती त्यांना कधी खरी वाटलीच नव्हती. येईल त्या गिऱ्हाइकाला तुम्ही सांगायचात, "इंजिन माह्यं, क्लच अन् गिअर हिचं." दोन्ही हात हवेत नाचवत, पलीकडच्या पानटपरीवर ऐकू जाईल अशा आवाजात. लोक खो खो हसायचे. "पंजाबभाऊ बायकोची लय तारीफ करते बाप्पा!" तुम्ही आणखी चेव येऊन सांगायचात, ते आणखी हसायचे. मी त्या वेळी गाडीखाली असायचे. खालून फक्त त्यांच्या चपला दिसायच्या आणि हसताना त्या चपला हलायच्या.

आपलं खरं जुनं भांडण तेच होतं. गिऱ्हाईक गेलं की तुम्ही वाकून गाडीखाली तोंड घालायचात.

"तू बाहीर येऊन एक खेप सांग ना वं. तुह्या तोंडून आयकलं तं मानतीन."

"तोंडानं प्लेट बसत नाई जी," मी म्हणायचे. "हाताशी पाना द्या."

तुमचं म्हणणं, ज्यानं काम केलं त्यानं ते आपलं म्हणून सांगावं. माझं म्हणणं, गाडी चालली की झालं, नाव कोणाचं का असेना. मी काही लाजून गप्प बसत नव्हते. मला खरंच वाटायचं की हा बोलण्याचा वेळ फुकट जातो, आणि तुम्ही बोलता आहात तेवढं दोघांना पुरून उरतं.

मी या कामात आले कशी, ते तुम्ही लोकांना दर वेळी वेगळंच सांगायचात. खरं असं की लग्नानंतर तुम्हाला पेडल दाबायला कोणीतरी हवं होतं. तुम्ही गाडीखाली, मी सीटवर. खालून तुमचा आवाज यायचा, "दाब... सोड... दाब." मी दाबायचे, सोडायचे. एक दिवस मी विचारलं, हे दाबल्यानं आत होतं तरी काय? तुम्ही बाहेर आलात, ग्रीसचे हात पँटला पुसलेत आणि माझा तळवा तुमच्या तळव्यावर घट्ट दाबून गोल फिरवलात. दोन्ही हात सोबत फिरले. मग पकड जरा सैल केलीत. तुमचा हात फिरत राहिला, माझा थांबला. "माहा हात म्हणजे फ्लायव्हील, इंजिनाचं जड चाक. तुहा हात म्हणजे क्लच प्लेट. दोन्ही चिपकले तं गाडी चालते, पेडल दाबलं का थे सुटते, मंग इंजिन चालते अन् गाडी उभी राह्यते. बस, इतकंच हाये." सासूबाई ओसरीवर गहू निवडत होत्या. भर दिवसा नवऱ्यानं बायकोचा हात धरून गोल गोल फिरवलेला पाहून त्यांनी मान दुसरीकडं वळवली. मला मात्र क्लच जन्माचा कळला.

पुढं माझ्या पायाला पेडलवरूनच कळायला लागलं की आत प्लेट किती उरली आहे. आणि एकदा एका जीपच्या गिअरबॉक्सच्या तोंडातली बारीक क्लिप तुमच्या जाड बोटांना बसेना. तुम्ही शिव्या देऊन थकलात. मी म्हटलं, सरका. माझा हात सहज आत गेला. तुम्ही मागं होऊन माझ्याकडं असं पाहिलंत की मी घाबरले, वाटलं काहीतरी मोडलं. तुम्ही म्हणालात, "आता हे काम तुह्यं." तेव्हापासून तुम्ही मला एकदाही आत जा म्हटलं नाहीत. बायकोच्या हाताला काळं लागलेलं चालतं का, असं विचारणाऱ्याला तुम्ही जे उत्तर दिलंत ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण मी ते गाडीखालून ऐकलं होतं, आणि त्या दिवशी तुमच्या ताटात तुपाची धार जरा जास्त पडली होती. त्यामागचं कारण तुम्हाला कधी कळलं नाही.

आता समाधानभाऊंच्या गाडीकडं येते. त्यांच्या वडिलांपासूनची ही अँबॅसेडर. मागची सीट काढायची, ओल्या मिरचीची पोती भरायची आणि राजूरचा घाट चढून बुलडाण्याच्या बाजारात न्यायची, हाच तिचा जन्म. गाडीत इतकी मिरची मुरलेली की तिच्यावर काम करताना चुकून हात डोळ्याला लागला तर संपलंच. आणि समाधानभाऊंची सवय तुम्हाला माहीतच आहे. घाटात ओळखीचं कोणी दिसलं की हा माणूस ब्रेक लावत नाही. क्लच अर्धा दाबून, थोडी रेस देऊन गाडी चढावर तशीच तरंगत धरतो आणि खिडकीतून लग्नाकार्याच्या गप्पा मारतो. त्यांचे वडीलही तसंच करायचे. तुम्ही दोन्ही पिढ्यांना रागावलात, दोन्ही पिढ्या "हो जी, हो जी" म्हणून पुन्हा तेच करत आल्या. प्लेट जळणार नाही तर काय होईल?

गिअरबॉक्स उतरवला तेव्हा प्लेट रिबिटांपर्यंत घासलेली निघाली. ती बदलायचीच होती, त्यावर वाद नव्हता. वाद फ्लायव्हीलचा. त्याच्या चकचकीत तोंडावर निळे डाग पडले होते आणि आतल्या कडेला केसासारख्या रेघा दिसत होत्या. तुम्ही म्हणालात, लेथवर एक कट मारून आणतो, पुन्हा सपाट होईल. मी म्हणाले, हे आधीच एकदा कापून पातळ झालं आहे, आणि या रेघा म्हणजे तडे आहेत.

"तडे नाईत थे. घासल्याच्या रेघा हायेत."

"रॉकेल लावून खडू मारून पाहा, मंग समजीन."

"आता मले तू शिकोशीन का? याच्या बापाच्या वक्ताले म्या सवता उभं राहून कट मारून आणेल हाये. मह्या हातचं फ्लायव्हील हाये थे."

"तुमच्या हातचं हाये म्हणून का थे घाटात फुटनार नाई?"

 तुम्ही पाने उगाच इकडचे तिकडं ठेवत राहिलात. मला माहीत होतं की तुम्हालाही भीती वाटते आहे. चढावर, पोती भरलेली असताना, जोर लागल्यावर असलं फ्लायव्हील फुटलं तर त्याचे तुकडे थेट गाडी चालवणाऱ्याच्या पायाशी येतात. पण स्वतःच्या हातचं काम भंगारात टाकायचं तुमच्या जिवावर आलं होतं. संध्याकाळी म्हणालात, सकाळी पाहू.

तेरवी झाली आणि दोनच दिवसांत समाधानभाऊ ट्रॅक्टर घेऊन आले. ट्रॅक्टरमध्ये दोरखंड होता. तुमचे मोठे भाऊ, आपले दादा, ओट्यावर बसले होते. एक बियाणंवाला गॅरेजची जागा गोदामासाठी मागतो आहे, असं त्यांनी मला सकाळीच हळूच सांगून ठेवलं होतं. वाईट मनानं नव्हे. बाई माणूस एकटी, रस्त्यावरची जागा, तिला आधार व्हावा, एवढंच त्यांच्या मनात.

"वहिनी, वाईट वाटून घेऊ नोका," समाधानभाऊ खाली पाहत म्हणाले. "मिरची तोडाले आली. गाडी टोचन करून मलकापूरले नेतो, तिथं बसवून घेतो."

"ने बाप्पा," दादा म्हणाले. "इथं आता कोण बसवीन?"

समाधानभाऊ दोरखंड घेऊन गाडीच्या पुढं वाकले. ती गाडी दोरीला बांधून आपल्या दारातून गेली असती तर दुसऱ्या दिवसापासून गॅरेजही गेलं असतं, हे मला दिसत होतं. एकदा का लोकांनी पाहिलं की पंजाबभाऊंची खोललेली गाडी मलकापूरला न्यावी लागली, की माझ्याकडं पंक्चरसुद्धा कोणी आणलं नसतं. मला काही सुचलं नाही. मी जाऊन सरळ पोत्यावरच्या गिअरबॉक्सवर बसले.

दादा उठून उभे राहिले. त्यांच्यासमोर मी कधी मान वर करून बोललेली नाही, तुम्हाला ठाऊक आहे.

"शोभा, ऊठ तिथून."

"नाई उठत, दादा. क्लच मी बसवते. आजवर बी मीच बसवत होती."

 समाधानभाऊंनी दादांकडं पाहिलं, दादांनी जमिनीकडं. मग समाधानभाऊ डोकं खाजवत म्हणाले, "भाऊ तसं म्हणत तं जात होते. पण आमाले वाटे, मजाक करून राह्यले."

"मजाक नव्हती थे."

त्यांनी दोरखंड हातावर गुंडाळायला बराच वेळ लावला. शेवटी म्हणाले, "पुढच्या बाजारापर्यंत ठेवतो मंग. नाई झाली तं नेतो." दादा घरी गेले.  तुम्ही असतात तर हसून हसून लोळला असतात, की बायको शेवटी बोलली तीही गिअरबॉक्सवर बसून.

दुसऱ्या दिवशी फ्लायव्हील पोत्यात घालून एसटीनं मलकापूरला गेले. लेथवाल्या रफीकचाचांनी मला दारात पाहिलं आणि मशीन बंद केली.  मग म्हणाले, "भाभी, पंजाबभाई ह्याच स्टुलावर बसे अन् लेथपेक्षा जोरात बोले. आता इथं लय शांत वाटते." मला तिथंच रडू आलं. चाचांनी स्टूल पुढं सरकवलं, पण मी त्यावर बसले नाही.

मी म्हटलं, ह्यांचं म्हणणं होतं एक कट बसतो, तर आधी तो मारा. चाचांनी फ्लायव्हील मशीनवर चढवलं. लोखंडाचा कीस निघायला लागला, निळे डाग गेले, खालून पांढरं स्वच्छ तोंड उघडलं. आणि खरं सांगते, मला त्या वेळी मनापासून वाटलं की तुम्ही बरोबर निघावं. मी हरायला तयार होते. आयुष्यात पहिल्यांदा तुमच्याशी भांडणात हरायला आनंदानं तयार होते. मग मी रॉकेल लावलं, कोरड्या फडक्यानं पुसलं आणि वरून खडूची भुकटी चोळली. थोडा वेळ काहीच झालं नाही. नंतर तड्यात मुरलेलं रॉकेल पांढऱ्या खडूवर चढलं आणि एक बारीक काळी रेघ वर आली. तिच्या बाजूला दुसरी. मग कडेकडेनं सगळीकडं.

"भाभी, ह्याच्यात आता दम नाई," चाचा म्हणाले. "पंजाबभाईनं हे पाहिलं असतं तं सवता फेकलं असतं."

"नसतं फेकलं," मी म्हटलं. आणि आम्ही दोघंही हसलो.

अहो, मी जिंकले. पण तुमच्याशी जिंकण्यात एक मजा होती. हरलो असं तुम्ही कधी म्हणायचा नाहीत, गुपचूप चुलीशी जाऊन चहा टाकायचात, आणि आलं इतकं घालायचात की घसा भाजायचा. तो तुमचा हरल्याचा चहा. त्या दिवशी चाचांनी हॉटेलातून चहा मागवला. चांगला होता. मी तो अर्धाच प्याले.

मग चाचा स्वतः दुकान बंद करून माझ्यासोबत भंगारवाल्याकडं आले. तिथं मोडीत निघालेल्या जुन्या डिझेल अँबॅसेडरचे अवशेष पडलेले होते. मी दोन-तीन फ्लायव्हीलं उचलून पाहिली आणि तिथंच उकिडवी बसून रॉकेल-खडू सुरू केलं. गर्दी जमली. बाई लोखंडाला पावडर लावून राह्यली, असं कोणीतरी म्हणालं. एक चांगलं निघालं. जाडी पूर्ण, दात शाबूत. चाचांनी दुकानात परत येऊन लेथवर त्याला हलका कट मारून दिला. तुमचं जुनं मी परत घरी आणलं आहे. भंगारात दिलं नाही, काळजी करू नका. त्याच्यावर सध्या पाण्याचा माठ ठेवला आहे आणि माठ आता अजिबात डुगडुगत नाही.

बसवायच्या दिवशी समाधानभाऊ सहज आल्यासारखं करून आले. त्यांच्या मागून दादाही आले, धुतलेला पांढरा सदरा घालून, पाहुण्यासारखे. मी कोणाकडं पाहिलं नाही. फ्लायव्हील चढवलं, समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत गेले, जसं तुम्ही शिकवलंत. प्लेट मध्यभागी धरायला तुम्ही बाभळीचा घडवलेला लाकडी दांडा आहे ना, तोच वापरला. पण गिअरबॉक्स काही मला एकटीला उचलवणार नव्हता. तो नेहमी तुमच्या छातीवर यायचा आणि मी फक्त वाट दाखवायचे. मी गाडीखालून म्हटलं, "कोणीतरी या."

समाधानभाऊ आले. आणि दादा, पांढऱ्या सदऱ्यासकट, पाठीवर सरकत गाडीखाली आले.

"दादा, उजवीकडं घ्या. उजवीकडं. तुमच्या उजवीकडं जी, माह्या नाई!" मी चक्क ओरडले. त्यांनी मुकाट्यानं घेतलं. थोडं वर, थोडं फिरवून, आणि गिअरबॉक्स खट्कन आत गेला. दादा अंधारात तसेच पडून म्हणाले, "बसला?" त्यांच्या आवाजात असं कुतूहल मी कधी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, बसला. बाहेर आल्यावर त्यांनी काळा झालेला सदरा एकदा झटकला. बियाणंवाल्याचं नावही त्यांनी नंतर काढलेलं नाही.

शेवटी क्लचच्या तेलाच्या पाइपातली हवा काढायची होती. त्यासाठी सीटवर माणूस लागतो. ती जागा माझी होती, पण मी तर खाली होते. दादा जाऊन सीटवर बसले. मी खालून म्हटलं, "दाबा." पेडल खाली गेलं. "सोडा." वर आलं. "दाबा." माझा आवाज तुमच्या जागेवरून येत होता आणि तुमचेच शब्द बोलत होता. माझ्याच्यानं पुढचा "सोडा" म्हणवेना. दादा पेडल दाबून बसून राहिले. मी बाहेर आले तेव्हा डोळे लाल पाहून समाधानभाऊ ओशाळले. म्हणाले, "मिरचीनं झालं असन, वहिनी." मी म्हटलं, हो. मिरचीच्या गाडीखाली रडायची चांगली सोय आहे.

आता राहिला घाट. क्लचचं काम झालं की गाडी भरून राजूरच्या घाटात न्यायची आणि अवघड चढावर थांबवायची, ही तुमची रीत. मागच्या चाकापासून चार बोटांवर एक लिंबू ठेवायचं. लोक नवी गाडी लिंबावरून चालवतात, तुमचं उलटं. गाडी पुढं काढताना मागं सरकून लिंबू चिरडलं तर गिअरबॉक्स पुन्हा खाली. मी म्हणायचे, ही क्लचची नव्हे, ड्रायव्हरची परीक्षा आहे. तुम्ही म्हणायचात, "मंग ड्रायव्हर बी आपलाच तपासावा." हा वाद मात्र तुम्ही जिंकलात असं मी आज लिहून देते.

मिरचीची पोती भरली. स्टिअरिंग मी धरलं, तुम्हीच शिकवलेलं, आणि समाधानभाऊ माझ्या शेजारी बसले, दरवाजाची कडी घट्ट धरून. मोताळा गेलं, राजूर गेलं, चढ सुरू झाला. गाडी छान ओढत होती, कुठं थरथर नाही, जळका वास नाही. तुम्ही थांबवायचात त्याच वळणाच्या अलीकडं मी थांबले. समाधानभाऊ उतरले, लिंबू ठेवलं आणि बाजूला जाऊन उभे राहिले. मागून एक टेम्पो येत होता, तोही थांबला. टेम्पोवाला खाली उतरून विचारू लागला, काय झालं, बंद पडली का? कठड्यावर माकडं बसली होती, तीही पाहायला लागली.

 ब्रेकवरून पाय काढला, क्लच हळूहळू सोडला. जिथं पकडायला हवा तिथं बरोबर पकडला. गाडी एक बोटभरही मागं आली नाही, पुढं निघाली. थोडं वर सपाटीला लावून मी उतरले. समाधानभाऊ लिंबू हातात घेऊन चढावरून पळत येत होते. "साबुत हाये वहिनी! साबुत!" टेम्पोवाला त्यांच्या मागं. समाधानभाऊंचे डोळे भरलेले. त्यांनी टेम्पोवाल्याला सांगितलं, "पंजाबभाऊचा हात हाये हा. जाता जाता मह्या गाडीचं काम करून गेले."

ते प्रेमानंच बोलले. मला वाटलं, राहू द्यावं. तुमचं नाव होतं आहे, आणखी काय हवं? चाळीस माणसं तेरवीला जे बोलली त्यात हे एक वाक्य. पदर सावरून मी गाडीत बसायला वळलेसुद्धा. पण दार उघडता उघडता हात थांबला. तुम्ही इतकी वर्षं सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं जे सांगत होतात, ते तुमच्या मागं मीच खोटं पाडणार होते की काय?

मी वळले.

"नाई, समाधानभाऊ. ह्यायनं फक्त खोललं. फ्लायव्हील मी बदललं. प्लेट मी बसवली. हा क्लच माह्या हातचा हाये."

आवाज एवढा मोठा निघाला की कठड्यावरची माकडं झाडांत पळाली. समाधानभाऊ हळूहळू मान हलवायला लागले. टेम्पोवाल्यानं एकदा गाडीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग म्हणाला, "मंग वहिनी, मह्या टेम्पोचा बी क्लच घसरून राह्यला. कधी आणू?"

"सोमवारी आणा," मी म्हटलं.

अहो, तुम्ही ऐकायला पाहिजे होतं.